लेखक-कट्टा
अध्यक्ष, ठराव आणि हारतुरे यांवाचून जमलेल्या लिहित्या मंडळींची बैठक. आपले लेखन वाचून दाखवावे, दुसऱ्याचे ऐकावे, सल्ला द्यावा-घ्यावा, एवढाच तिचा कार्यक्रम. चहा बहुधा असतोच.

अहमदनगर जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये गीतेवरील टीका श्रोत्यांसमोर सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तो कट्टा नव्हे. पण श्रोत्यांशी चाललेला संवाद ग्रंथात जागोजाग आढळतो. या जिल्ह्यातील खरा कट्टा म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) घर. बालकवी ठोमरे तेथे घरच्यासारखे राहत. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये या घरातील माणसांच्या गजबजाटाचे जे चित्र येते, ते कोणत्याही इतिवृत्ताहून बोलके आहे.

पुण्यात १९२३ साली माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे आदी कवींचे रविकिरण मंडळ अशाच चहापानातून उभे राहिले. एकमेकांच्या कविता तपासण्याची शिस्त हे त्याचे बळ. आपसांतील कौतुक हा त्यावरील टीकेचा विषय. औपचारिक साहित्य संमेलनाची परंपरा याहून जुनी असून तिचा आरंभ न्या. रानडे यांच्या अध्यक्षतेखालील १८७८च्या पुण्यातील ग्रंथकार सभेपासून मानतात. अहमदनगरला ते संमेलन १९९७ मध्ये भरले, अध्यक्ष ना. सं. इनामदार होते. ब्लॉगलेखकांनी मात्र जुनी, सैल रीतच उचलली. २०१० साली पुण्यात त्यांचा मेळावा झाला.