आंतररेण्वीय बल

आंतररेण्वीय बल म्हणजे एका रेणूने शेजारच्या दुसऱ्या रेणूवर प्रयुक्त केलेले आकर्षणाचे किंवा प्रतिकर्षणाचे बल होय. एखादा पदार्थ सामान्य तापमानाला स्थायू असेल, द्रव असेल की वायू, तो कोणत्या तापमानाला उकळेल, किती सहज वाहील, कशात विरघळेल, या गोष्टी मुख्यत्वे रेणूरेणूंमधील आकर्षणावर अवलंबून असतात. मीठ किंवा तांबे यांसारख्या पदार्थांत सुटे रेणूच नसल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

रासायनिक बंधांहून वेगळेपण

रेणूच्या आत अणूंना एकत्र बांधून ठेवतो तो रासायनिक बंध. रेणूंना परस्परांजवळ ठेवते ते आंतररेण्वीय बल. या दोहोंची गल्लत विद्यार्थ्यांकडून वारंवार होते. पाणी उकळताना त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होते, ही समजूत त्याच गल्लतीतून जन्मते. वास्तविक उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत पाण्याचेच अखंड रेणू असतात. ते केवळ एकमेकांपासून दूर झालेले असतात. १८ ग्रॅम (एक मोल) पाण्याची १०० °से. तापमानाला वाफ करण्यास सुमारे ४१ किलोजूल ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्यातील सर्व रासायनिक बंध तोडावयाचे तर ९२० किलोजूलहून अधिक ऊर्जा लागेल. म्हणजे आंतररेण्वीय बल बंधांच्या मानाने क्षीण आहे. मात्र पदार्थ वितळतो किंवा उकळतो तेव्हा मात करावी लागते ती या क्षीण बलावरच.

इतिहास

वायूंचे रेणू परस्परांना आकर्षित करतात ही कल्पना गणिती रूपात मांडण्याचे श्रेय डच भौतिकशास्त्रज्ञ योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स (१८३७–१९२३) यांना जाते. सुताराच्या घरी जन्मलेले व्हॅन डर वाल्स शाळाशिक्षक होते. ग्रीक व लॅटिन न शिकल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. ती अट शिथिल झाल्यावर १८७३ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठास प्रबंध सादर केला. रेणूंचे आकारमान आणि त्यांच्यातील आकर्षण या दोन्ही बाबी लक्षात घेणारे वायूंचे समीकरण त्यात होते. १९१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्याच विचारांचा आधार घेऊन हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये लायडन येथे हीलियमचे द्रवीकरण केले. हे आकर्षण मुळात उद्भवते कसे, याचा उलगडा होण्यास मात्र पुंजयांत्रिकीची वाट पाहावी लागली.

प्रकार

लंडन बल: हे नाव शहरावरून पडलेले नसून १९३० मध्ये या बलाचे स्पष्टीकरण देणारे फ्रिट्झ लंडन यांच्यावरून पडले आहे. रेणूतील इलेक्ट्रॉन सतत गतिमान असल्याने एखाद्या क्षणी ते एका बाजूस किंचित अधिक असतात. ती बाजू ऋण व विरुद्ध बाजू धन होऊन क्षणिक द्विध्रुव तयार होतो. त्याच्या प्रभावाने शेजारच्या रेणूतही तसाच द्विध्रुव निर्माण होतो आणि दोघांत आकर्षण घडते. हे बल सर्वच रेणूंमध्ये असते. इलेक्ट्रॉनांची संख्या जितकी मोठी आणि त्यांचा मेघ जितका सैल, तितके ते प्रबळ. म्हणूनच सामान्य तापमानाला फ्लोरीन व क्लोरीन वायुरूप, ब्रोमीन द्रव, तर आयोडीन स्थायू आढळते. अंतराच्या बाबतीत हे बल फार संवेदनशील आहे: दोन रेणूंमधील अंतर दुप्पट झाले की आकर्षणाची ऊर्जा ६४ पटींनी घटते.

द्विध्रुव बल: काही रेणूंची एक बाजू कायमच अंशतः धन व दुसरी अंशतः ऋण असते. अशा ध्रुवीय रेणूंच्या विरुद्ध टोकांमध्ये आकर्षण असते.

हायड्रोजन बंध: नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरीन या अधिक विद्युतऋण अणूस जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील अशाच अणूकडे ओढला जातो. नावात ‘बंध’ असला तरी सहसंयुज बंधापेक्षा तो पुष्कळच दुर्बळ असतो.

जवळजवळ समान रेणुभार असलेली तीन संयुगे घेतली असता या तिन्ही बलांचा परिणाम दिसून येतो. ब्युटेनमध्ये (रेणुभार ५८) केवळ लंडन बल आहे; ते −०.५ °से. तापमानाला उकळते. नखरंग काढण्यास वापरले जाणारे ॲसिटोन (५८) ध्रुवीय असून त्याचा उत्कलनांक ५६ °से. आहे. हायड्रोजन बंध असलेल्या १-प्रोपेनॉलचा (६०) उत्कलनांक ९७ °से. आहे. मात्र ध्रुवीयता अधिक म्हणजे उत्कलनांक अधिक, असा सरसकट नियम करता येत नाही. हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड या क्रमाने ध्रुवीयता कमी होत जाते. तरीही उत्कलनांक −८५, −६७ व −३५ °से. असे चढत जातात, कारण येथे वाढत्या लंडन बलाची सरशी होते.

भौतिक गुणधर्मांवरील परिणाम

रेणूचा आकारही महत्त्वाचा ठरतो. पेंटेन व निओपेंटेन यांचे रेणुसूत्र एकच आहे. लांबट पेंटेन रेणू एकमेकांना अधिक पृष्ठभागावर भिडतात, म्हणून ते ३६ °से. तापमानाला उकळते, चेंडूसारख्या निओपेंटेनचा उत्कलनांक ९.५ °से. इतकाच आहे. थंडीत खोबरेल तेल थिजते आणि शेंगदाणा तेल मात्र पातळ राहते, यामागेही आकाराचेच कारण आहे. शेंगदाणा तेलातील स्निग्धाम्लांच्या साखळ्या अधिक लांब असतात, तेव्हा तेच आधी थिजावे अशी अपेक्षा होईल. परंतु त्यांतील बहुतेक साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे त्या नीट रचल्या जात नाहीत. खोबरेल तेलातील आखूड पण सरळ साखळ्या एकमेकींशेजारी घट्ट बसतात आणि सुमारे २४ °से. खाली ते थिजू लागते.

पृष्ठताण व श्यानता (दाटपणा) हीदेखील याच बलांची रूपे होत. २० °से. तापमानाला पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या (इथेनॉल) तिपटीहून अधिक असतो. ग्लिसरीनच्या प्रत्येक रेणूवर तीन हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याचे रेणू अनेक हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून त्याची श्यानता पाण्याच्या हजार पटींहून जास्त भरते.

पाण्याचे वेगळेपण

ऑक्सिजनच्या गणातील इतर मूलद्रव्यांच्या हायड्राइडांचे उत्कलनांक पाहता हायड्रोजन टेल्युराइड −२, सेलेनाइड −४१ व सल्फाइड −६० °से. असा उतरता क्रम दिसतो. पाणीही या क्रमात बसले असते तर ते सुमारे −८० °से. तापमानाला उकळले असते आणि पृथ्वीवर नद्या-समुद्र आढळले नसते. हायड्रोजन बंधांमुळे ते १०० °से. तापमानाला उकळते.

पाण्याच्या बाष्पीभवनास लागणारी उष्णताही यामुळेच मोठी आहे. माठाच्या पृष्ठभागावरून एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २४०० जूल उष्णता शोषली जाते. एक लिटर पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरवण्यास ती पुरेशी आहे. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे कोकणापेक्षा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ अधिक गार राहतो.

बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडला जातो आणि त्या ठरावीक दिशांमुळे मध्ये पोकळी राहते. परिणामी बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅम इतकी कमी असते व तो पाण्यावर तरंगतो. थंड प्रदेशांतील तळी वरून गोठतात आणि खाली, सुमारे ४ °से. तापमानाच्या पाण्यात, मासे हिवाळा काढतात.