तुझं कॅरेक्टर पास झालं का? रोल-प्ले गेममधल्या मंजुरीचा इतिहास

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित अवतार.

जीटीए रोल-प्लेचे स्ट्रीम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितले असतील. चांगल्या सर्व्हरवर थेट घुसता येत नाही. आधी फॉर्म भरायचा, कॅरेक्टरचं नाव, स्वभाव, बॅकस्टोरी लिहायची आणि मग व्हाइटलिस्ट होण्याची वाट बघायची. कुणीतरी अनोळखी माणूस ते वाचतो आणि ठरवतो की तुमचं कॅरेक्टर या जगात चालेल की नाही.

हा प्रकार नवा नाही. तीस वर्षांहून जास्त जुना आहे. आणि त्यात एक चूक मी स्वतःही केली आहे, ती शेवटी सांगतो.

सुरुवात १९७८ पासून करू. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने मड नावाचा गेम लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो पूर्ण केला. मड म्हणजे मल्टी-युजर डंजन. चित्र नाही, आवाज नाही, स्क्रीनवर फक्त अक्षरं. तिथे तुमची ओळख म्हणजे तुमचं नाव आणि पॉइंट मिळवून कमावलेली पदवी. नवशिक्यापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात वर पोचलात की ‘विझर्ड’ व्हायचं. विझर्डला खास अधिकार असायचे. पुढच्या अशा गेममध्ये ॲडमिनला विझर्ड म्हणायची पद्धत पडली, ती इथूनच.

खरा बदल १९८९ मध्ये झाला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेसने टायनीमड बनवला. मारामारी काढून टाकली आणि खेळाडूंना स्वतः खोल्या बांधायची, वस्तू बनवायची, स्वतःचं वर्णन लिहायची सोय दिली. कुणी ‘लुक’ कमांड देऊन तुमच्याकडे बघितलं की तुम्ही लिहिलेला परिच्छेद त्याच्या स्क्रीनवर यायचा.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं भांडण यावरच उभं आहे. अक्षरांच्या जगात वर्णन म्हणजे तुमचं शरीर. आज आपण स्किन विकत घेतो, तेव्हा स्किन लिहायची असायची. आणि समोरच्याला ती वाचावीच लागायची.

मग अडचणी सुरू झाल्या. कुणी लिहायचं, ‘हिला बघताच तुम्ही प्रेमात पडता.’ अरे, मी पडतो की नाही ते मी ठरवीन ना! कुणी जादूगारांच्या जगात लेझर गन घेऊन यायचा. कुणी मुद्दाम किळसवाणं लिहायचं.

यावर दोन वेगवेगळ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट कथेवर चालणाऱ्या गेमची. १९९० नंतर मश नावाचे टेक्स्ट गेम आले. टॉल्किनची मिडल-अर्थ किंवा ॲन मॅकॅफ्रीचं ड्रॅगनवालं पर्न अशा पुस्तकांतल्या जगांवर ते चालायचे. तिथे अर्ज करायची पद्धत रुजली, विशेषतः पुस्तकातलं मोठं पात्र हवं असेल तर. कारण सरळ आहे. गॅन्डाल्फ एकच आहे. तो कुणाला द्यायचा हे कुणाला तरी ठरवावंच लागणार. आर्मगेडन नावाचा वाळवंटी जगातला मड तर आणखी कडक. तिथे कॅरेक्टर मेलं की कायमचं मेलं, आणि नवं आणायचं तर त्याचं वर्णन व पार्श्वभूमी स्टाफकडून मंजूर करून घ्यायची.

दुसरी वाट लॅम्डामूची. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने हे जग चालवलं, १९९१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. इथे वर्णनाला मंजुरी नव्हती. माणूस व्हा, प्राणी व्हा, धुकं व्हा. गंमत म्हणजे मंजुरी एका वेगळ्याच गोष्टीला लागायची. मोठं काही बांधायला सर्व्हरवर जास्त जागा हवी असेल तर खेळाडूंच्या एका मंडळाकडे मागणी करावी लागे. म्हणजे डिस्कवरची जागा मोजून मिळायची, पण कोण व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केलं की विझर्ड यापुढे खेळाडूंच्या आपसातल्या भांडणांत पडणार नाहीत, ते फक्त तांत्रिक काम बघतील. आणि १९९३ च्या मार्चमध्ये मिस्टर बंगल नावाच्या कॅरेक्टरने सगळ्यांची झोप उडवली. त्याचं वर्णनच घाणेरड्या जोकरचं होतं. पण खरा त्रास वर्णनाचा नव्हता. त्याच्याकडे ‘वूडू डॉल’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. त्यातून तो दुसऱ्या कॅरेक्टरच्या नावाने वाक्यं टाकू शकायचा. भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, त्याने इतरांच्या कॅरेक्टरवर लैंगिक अत्याचार होतायत अशी वाक्यं लिहिली. स्क्रीनमागे बसलेली माणसं खरी होती, आणि त्यांना झालेला त्रासही खराच होता.

मोठी चर्चा झाली, एकमत झालं नाही, आणि शेवटी एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर बंगलला काढून टाकलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच डिसेंबरमध्ये ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये यावर लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. या प्रकरणानंतर लॅम्डामूमध्ये अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. पण १९९६ मध्ये विझर्डांनी मान्य केलं की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे ठेवता येत नाहीत, आणि सूत्रं परत हातात घेतली.

डिबेलनेच नोंदवलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही दिवसांनी तोच माणूस नव्या खात्यावरून, डॉक्टर जेस्ट या नव्या नावाने परत आला.

आता विचार करा. वर्णनाला मंजुरी असती तर बंगल अडला असता? त्या वर्णनासकट तर नक्कीच. पण एखादं सभ्य वर्णन लिहून तो आरामात आत आला असता आणि वूडू डॉल तशीच चालली असती. वर्णन तपासून कॅरेक्टर कळतं, चालवणारा कळत नाही. डॉलचा इलाज कोडमध्ये होता: दुसऱ्याच्या नावाने वाक्य टाकताच येऊ नये. आणि माणसाचा इलाज होता तक्रार आल्यावर पटकन हलणाऱ्या लोकांकडे.

आता माझी चूक. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही मित्रांनी एक मराठी टेक्स्ट रोल-प्ले सुरू केला होता. सतरावं शतक, एका गडाच्या पायथ्याचं गाव. प्रत्येक वर्णनाला मंजुरी हवी हा नियम मीच घातला, कारण कुणी रिव्हॉल्व्हर घेऊन येऊ नये. वाचणारे आम्ही तिघं, तिघेही पुण्याचे.

अकोल्याकडच्या एका मुलाने कापसाच्या व्यापाऱ्याचा गडी लिहून पाठवला: ‘उंच, सावया, डोये लाल. मानसाशी कमी बोलते, बैलाशी जास्त.’ मला ते वाचून हसू आलं, आवडलंही. पण आमच्यातल्या एकाने शेरा मारला, ‘भाषा शुद्ध करून पाठव.’ मी बघितलं आणि गप्प बसलो. त्याने शुद्ध करून पाठवलं. मग सबमिशनची गडबड आली आणि तो अर्ज एकोणीस दिवस तसाच पडून राहिला. विसाव्या दिवशी मी उघडला तेव्हा तो ग्रुप सोडून गेला होता. त्याच महिन्यात अगदी सुंदर, शुद्ध वर्णन लिहिलेला एक जण आम्ही पाच मिनिटांत पास केला होता. त्याने पुढे दोन मुलींना खासगी मेसेज करून इतकं हैराण केलं की त्याही गेल्या.

म्हणजे ज्याला आत घ्यायला हवं होतं तो बाहेर राहिला, आणि ज्याला अडवायला हवं होतं तो आत आला. आम्ही तपासत होतो ते जगाला काय शोभतं ते नव्हतंच. आम्हाला काय शोभतं, ते तपासत होतो.

मग मंजुरी कधी असावी? माझं आजचं मत सांगतो. जग घट्ट ठरलेलं असेल आणि एक चुकीचं कॅरेक्टर सगळ्यांची गोष्ट बिघडवू शकत असेल, तेव्हा असावी. मोठं पद, खास शक्ती, एकमेव पात्र कुणी मागत असेल, तेव्हा असावी. आणि तेव्हाही नियम आधी लिहिलेले हवेत, नकाराला कारण हवं, उत्तर दोन-तीन दिवसांत यायला हवं. वाचणारे एकाच गावचे नकोत. एवढं जमत नसेल तर साध्या गावकऱ्याला थेट आत येऊ द्यावं. वर्णनात काही खटकलं तर नंतर सांगून बदलता येतं.

ऑफिसात मी रोज कोड रिव्ह्यू करतो. कुणाचा कोड दोन दिवस माझ्याकडे पडून राहिला की मला तो लाल डोळ्यांचा गडी आठवतो. तो मुलगा हे ऐकत असेल तर एवढंच सांगतो: मित्रा, तुझं पहिलं वर्णनच बरोबर होतं.

भेटू पुढच्या भागात.