हिरडीखालची शर्यत

खरचटलेला गुडघा आठवड्याभरात भरून येतो. मोडलेले हाड नीट बसवले तर काही आठवड्यांत सांधते. मग दाताला आधार देणारे हाड एकदा झिजले की ते आपणहून परत का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दंतवैद्यकाला एक अनपेक्षित गोष्ट कळली. जखम भरण्यात अडथळा होता तो जखम भरण्याच्याच घाईचा.

आधी दात कसा बसवलेला असतो ते पाहू. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. असंख्य सूक्ष्म तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो. तंतूंच्या या थराला परिदंत अस्थिबंध म्हणतात. त्याची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर असते. तंतूंचे एक टोक हाडात आणि दुसरे टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात रुतलेले असते. चावताना बसणारा दाब हे तंतू झेलतात.

दातांच्या कडेला साचणाऱ्या जीवाणूंच्या थरामुळे हिरडी सुजते. सूज वर्षानुवर्षे राहिली, तर काही लोकांत तंतू तुटतात, हाड झिजते आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खोल खाच तयार होते. हाच तो पायोरिया. दात हलू लागतो आणि अखेर काढावा लागतो.

हाड गेले आहे, तर तिथे हाड भरावे, हा विचार साहजिक होता. १८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमन या शल्यचिकित्सकाने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले. १९२३ मध्ये हेगेड्यूस याने नडगीचे हाड घेऊन जबड्यात बसवल्याची नोंद केली. पुढे असे अनेक प्रयोग झाले. खाच उथळ होई, क्ष-किरण चित्रात हाड भरल्यासारखे दिसे, रुग्णही समाधानी असे.

पण भरून आलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चित्र वेगळे दिसे. १९८० च्या सुमारास माकडांवर झालेल्या प्रयोगांत आढळले, की मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतू नव्हतेच. तिथे हिरडीवरच्या त्वचेसारख्या पेशींचा, म्हणजे उपकलेचा, लांबलचक पातळ थर शिरून बसला होता. जखम बंद झाली होती. दात मात्र पुन्हा बांधला गेला नव्हता. झीज भरून निघणे आणि मूळची रचना पुन्हा उभी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

असे का होते याचा नेमका विचार टोरांटोच्या ए. एच. मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला होता. शस्त्रक्रियेनंतर उघड्या मुळाकडे चार दिशांनी पेशी येऊ शकतात : हिरडीची उपकला, हिरडीतले संयोजी ऊतक, हाड आणि परिदंत अस्थिबंध. मुळावर आधी कोणत्या पेशी पोचतात, यावर पुढे काय तयार होणार ते ठरते. ही शर्यत उपकला सहज जिंकते. ती दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर सरकते. अस्थिबंधातल्या पेशी सावकाश येतात आणि तोवर जागा गेलेली असते.

बाकीच्या पेशी पोचल्या तर काय होते? स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९८० मध्ये रोगग्रस्त मुळे कुत्र्यांच्या जबड्याच्या हाडात पुरून पाहिली. मुळाच्या ज्या भागावर मूळचा अस्थिबंध शिल्लक होता, तिथेच तंतूंची जोडणी पुन्हा झाली. इतरत्र मूळ झिजले किंवा हाडाला थेट चिकटले. हिरडीच्या ऊतकाशी लागून ठेवलेली मुळेही झिजली. म्हणजे हव्या होत्या त्या नेमक्या सर्वांत मागे राहणाऱ्या पेशी.

मग या मागच्यांना पुढे कसे आणायचे? १९८२ मध्ये स्तुरे न्यूमन, यान लिंडे, थोर्किल्ड कारिंग आणि हॅरल्ड रायलँडर यांनी सोपा मार्ग घेतला : पुढच्यांना अडवायचे. एका रुग्णाचा खालचा पुढचा दात रोगामुळे काढायचाच होता. त्यांनी मूळ स्वच्छ केले आणि हिरडी परत बसवण्याआधी तिच्याखाली पातळ पडदा ठेवला. हा पडदा म्हणजे प्रयोगशाळेत द्रवातले जीवाणू गाळण्यासाठी वापरतात तो मिलिपोर गाळणीचा तुकडा! तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतकासह काढून तपासला. रोगाने उघड्या पडलेल्या मुळावर नवे सिमेंटम आले होते आणि त्यात नवे तंतू रुतले होते. पुरावा मिळवायचा तर दात गमवावा लागणार होता. म्हणूनच जाणारच असलेला दात निवडला होता.

या पद्धतीला पुढे ‘मार्गदर्शित ऊतक पुनर्जनन’ असे नाव मिळाले. आता पडद्यासाठी अधिक चांगला पदार्थ हवा होता. तो भलत्याच ठिकाणी तयार होता. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनची गरम कांडी झटक्यात ओढली. ती तुटली नाही. लांबच लांब ताणली गेली आणि सच्छिद्र झाली. हाच गोर-टेक्स पावसाळी कोटांत आणि कृत्रिम रक्तवाहिन्यांत वापरला गेला. १९८६ मध्ये यान गॉटलो आणि सहकाऱ्यांनी त्याचे पडदे रुग्णांत वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अडचण एवढीच, की चार ते सहा आठवड्यांनी तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागे. म्हणून शरीरात आपोआप विरघळणारे पडदे आले : काही प्राण्यांच्या कोलॅजेनचे, काही पॉलिलॅक्टिक आम्लाचे.

१९९७ मध्ये स्वीडनच्याच लार्स हॅमरस्ट्रॉम यांनी निराळी वाट दाखवली. मूळ प्रथम घडते तेव्हा इनॅमलशी संबंधित प्रथिने सिमेंटम तयार होण्यात भाग घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. डुकराच्या घडत्या दातांतून काढलेली ही प्रथिने जेलच्या रूपात मुळावर लावली जाऊ लागली. इथे नको त्या पेशींना अडवण्यापेक्षा हव्या त्या पेशींना बोलावण्यावर भर होता.

या पदार्थांना मर्यादा आहेत. खोल, अरुंद, हाडाच्या भिंती शिल्लक असलेल्या खाचेत ते चांगले काम करतात. सगळीकडून सपाट झिजलेले हाड ते परत आणू शकत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांत यश कमी मिळते. आणि दातांवर जीवाणूंचा थर पुन्हा साचू दिला, तर मिळवलेलेही जाते.

वर्गात पुनर्जनन शिकवताना पालीच्या शेपटीबरोबर ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. प्लास्टर आणि हाड भरणारे विचारत होते, ‘खड्ड्यात काय घालावे?’ मेल्चर यांनी विचारले, ‘तिथे आधी कोण पोचते?’ गाळणीच्या त्या तुकड्याने एकही पेशी निर्माण केली नाही. त्याने सावकाश येणाऱ्या पेशींसाठी फक्त जागा राखून ठेवली.