ओल्या कापडाचं वजन

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावरचं मार्गेट, साल 1790 च्या आसपासचं. तू चाकांवरच्या एका लाकडी खोलीत बसली आहेस आणि घोडा ती खोली समुद्रात ओढत नेतो आहे. आत अंधार, ओल्या लाकडाचा कुबट वास. धक्के खात, तोल सावरत तू कपडे उतरवतेस आणि फ्लॅनेलचा पायघोळ झगा चढवतेस. तो पाण्यात वर तरंगू नये म्हणून काठाच्या दुमडीत वजनं शिवली आहेत.

घोडा थांबतो. दाराबाहेर शिडाच्या कापडाचा आडोसा थेट पाण्यापर्यंत उतरतो. इथल्याच बेंजामिन बीलची ही युक्ती. आडोशात कमरेइतक्या पाण्यात एक दणकट बाई उभी आहे. ती तुझे दंड धरते आणि डोक्यासकट बुडवते. पुन्हा वर, पुन्हा खाली. समुद्रस्नान हे डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे. झगा पाणी पितो, पायांना गुंडाळतो. पाय मारून पाहतेस, तर हलत नाही. पोहायचं तुला कुणी सांगितलेलंच नाही. एवढा समुद्र पसरलेला, आणि तुझ्या वाट्याला त्या आडोशाइतकंच पाणी.

पुढच्या शतकात झगा आखूड होतो, खाली विजार येते, पायांत काळे मोजे येतात. कापड लोकरीचं, भिजलं की जडच.

तिथे रेंगाळू नकोस. स्टॉकहोमला ये, जुलै 1912. समुद्राच्या खाडीतच शर्यतीची जागा आखली आहे आणि ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा पोहणार आहेत. तुझ्या अंगात पातळ पोशाख आहे. दंड मोकळे, गुडघे मोकळे. इंग्लंडच्या मुली रेशमी पोशाखात आल्या आहेत आणि त्यांच्यावर देखरेख करणारी बाई शेजारी पायघोळ झग्यात उभी आहे.

पलीकडे सिडनीच्या फॅनी ड्युरॅक आणि मिना वायली. पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी पोहू नये, हा न्यू साउथ वेल्समधल्या बायकांच्याच जलतरण संघटनेचा नियम. लोकांनी ओरड केली, नियम मागे घ्यावा लागला आणि अध्यक्षा रोझ स्कॉट यांनी राजीनामा दिला. या रोझ स्कॉट बायकांच्या मताधिकारासाठी झटलेल्या. पुरुषी नजरांची त्यांची धास्ती खोटी नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण नजर दुसऱ्याची आणि घरी बसायचं पोहणारीने, हे मला पटत नाही. अमेरिकेने तर एकही मुलगी पाठवली नाही.

घे उडी. गार पाणी थेट कातडीला लागतं. पाय हवा तसा फिरतो, हात खांद्यापासून फिरतो, कापड कुठेच अडवत नाही. फॅनी शंभर मीटर 1 मिनिट 22.2 सेकंदांत पार करते, मिना तिच्या मागोमाग.

मग आपल्याकडे, 1938. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' लागला आहे. लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. पडद्यावर मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, गाणं म्हणत, व्रत घेऊन बसलेल्या औदुंबरला पाण्यात बोलावते आहे. तुझ्या आजूबाजूला खळबळ उडते. त्या काळात मराठी पडद्यावर हे करायला केवढं धैर्य लागलं असेल!

पॅरिस, 5 जुलै 1946. मोलितॉर तरणतलावाच्या काठावर नर्तकी मिशलिन बर्नार्दिनी लुई रेआरने केलेली चार त्रिकोणांची बिकिनी घालून फोटोसाठी उभी आहे. ज्या प्रवाळबेटाचं नाव तिला दिलंय, तिथे चारच दिवसांपूर्वी अणुबॉम्ब फोडला गेला. पोहण्याच्या पोशाखातली क्रांती म्हणून जग हाच दिवस सांगतं. मला ती स्टॉकहोमच्या पाण्यात झालेली दिसते. इथे कापड कमी झालं ते पाहणाऱ्यांसाठी, तिथे पोहणारीसाठी.

29 सप्टेंबर 1959. फ्रान्सचा किनारा पहाटेच सुटला, आता रात्र आहे. तू सोबतच्या बोटीत कुडकुडते आहेस आणि खाली इंग्लिश खाडीत कोलकात्याची आरती साहा हात मारते आहे. ऑगस्टमधला तिचा पहिला प्रयत्न फसला होता. या खेपेला 16 तास 20 मिनिटांनी तिचे पाय सँडगेटच्या जमिनीला लागतात. खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री.