मधुमेहातील स्थूलतेचा विरोधाभास

मधुमेहातील स्थूलतेचा विरोधाभास ही वैद्यकशास्त्रातील एक वादग्रस्त संकल्पना आहे. स्थूलता हे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे एक प्रमुख कारण मानले जाते. तरीही मधुमेह झाल्यानंतर जास्त वजनाचे रुग्ण सामान्य वजनाच्या रुग्णांपेक्षा अधिक काळ जगतात, असे काही अभ्यासांत आढळले. या विसंगतीवरून हे नाव पडले. अशा अभ्यासांत प्रामुख्याने शरीर वस्तुमान निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो.

संशोधन

२०१२ मध्ये 'जामा' या नियतकालिकात अमेरिकेतील पाच दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात नव्याने मधुमेह झालेल्या २,६२५ व्यक्तींपैकी निदानाच्या वेळी सामान्य वजन असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला. २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र वेगळे चित्र दाखवले. त्यात मधुमेह झालेल्या ११,४२७ परिचारिका व आरोग्य व्यावसायिकांची सरासरी सुमारे १६ वर्षांची माहिती तपासण्यात आली. कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये निर्देशांकाबरोबर मृत्यूचा धोकाही साधारणपणे वाढत गेला. स्थूलतेचा संरक्षक परिणाम दिसला नाही.

कारणमीमांसा

धूम्रपानाने वजन घटते आणि आयुष्यही घटते. कर्करोगासारख्या आजारांत मृत्यूपूर्वी बराच काळ वजन उतरू लागते. त्यामुळे कमी वजन हे अनेकदा मृत्यूचे कारण नसून आधीच्या आजाराचे लक्षण असते. वृद्धांमध्ये स्नायूंचा ऱ्हास हेही कमी वजनामागील एक कारण असते.

भारतीय संदर्भ

निर्देशांकावरून चरबी आणि स्नायू यांतील फरक कळत नाही. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानण्याची शिफारस याच कारणाने केली जाते.

व्यावहारिक अर्थ

प्रयत्नपूर्वक घटवलेले वजन आणि आपोआप घटलेले वजन यांत भेद करावा लागतो. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत आहारनियंत्रणाने वजन घटवणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना माघारला. याउलट, कारणाविना वजन घटल्यास तपासणी आवश्यक ठरते.