राजाराम महाराजांची रोजनिशी

‘रोजनिशी’ हा शब्द मराठ्यांच्या दफ्तरात जुनाच आहे; मात्र ती लिहिणारा हात कारकुनाचा असे. धन्याने सांगावे, चिटणिसाने लिहावे आणि अखेरीस मोर्तब उठावे, अशी ती रीत. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हा हा क्रम पालटला. वीस वर्षांचा राजा आपल्या प्रवासाची दिनवार हकीकत स्वतः लिहीत होता, आणि तीही इंग्रजीत.

१८६६ साली दत्तक होऊन गादीवर आलेल्या महाराजांचे शिक्षण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजाच्या राजाने विलायतेस जाणे हेच मोठे धाडस होते. तेथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहून झाले, भेटीगाठींना अंत नव्हता. अशा प्रवासात रोज लिहिणे दिसते तितके सोपे नाही. रात्री देह थकलेला असतो आणि दिवसभर पाहिलेले मनात अजून निवळलेले नसते. साहजिकच या नोंदी आटोपशीर आहेत. कुठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले, एवढ्यावर त्या बहुधा थांबतात. वाङ्मयीन सौंदर्य शोधणाऱ्याची येथे निराशाच होईल.

मग त्यांचे मोल कशात आहे? हे समजण्यासाठी थोड्याच वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका मराठी प्रवासाकडे पाहावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला. पण ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो १८८३च्या सुमारास, आठवणींच्या आधारे. स्मृती निवड करते, प्रसंगांना आकार देते. म्हणूनच गोडसे भटजींची हकीकत गोष्टीसारखी रंगते. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसतो.

राजाराम महाराजांनाही तो ठाऊक नव्हता. ते युरोपात असतानाच, १९ जुलै १८७० रोजी, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. सप्टेंबरात इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्स शहरात, निवर्तले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू रीतीने अग्नी देण्यात आला. पुढे तेथे छत्री उभी राहिली, तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटने योजलेला.

ही रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, ती महाराजांसोबत प्रवास केलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांच्या संपादनाखाली. येथेच सावध व्हावे लागते. परक्या भाषेत, परक्यांच्या सहवासात रोज लिहिणाऱ्या तरुणाने काय लिहिले याइतकेच, काय लिहिता आले नसेल हेही महत्त्वाचे. घरची ओढ, आपल्या राज्यात साहेबाचा शब्द चालतो याची बोच, हे वेस्टसाहेबांच्या नजरेसमोर कागदावर उतरणे कठीणच होते. गोडसे भटजींच्या ग्रंथावरही संपादकाचा हात फिरला होता. पण चिंतामण विनायक वैद्यांच्या १९०७च्या आवृत्तीनंतर, १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताचा पाठ मराठी वाचकांपुढे आणला. राजाराम महाराजांची रोजनिशी मात्र मुळातच इंग्रजीत लिहिलेली आहे.

तरीही त्या कोरड्या नोंदींत एक गोष्ट संपादकाला घालता आली नसती. उद्याही लिहायचे आहे, हा विश्वास प्रत्येक पानामागे आहे. कोल्हापुरात महाराजांचे नाव राजाराम कॉलेजमुळे रोज घेतले जाते. त्या कॉलेजात शिकणाऱ्यांच्याच वयाच्या या राजाची रोजनिशी मराठीत काळजीपूर्वक, टीपांसह वाचली जायला हवी. छत्री मृत्यूची खूण सांगते. तो मुलगा रोज काय पाहत होता, हे सांगायला ही पानेच आहेत.