फारखत : नात्याची आणि कर्जाची

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘फारखत’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागते. देण्याघेण्यातून आणि हक्कदाव्यातून मोकळे केल्याचा लेख तो फारखत. आणि नवराबायको विभक्त झाल्याचा लेख, तोही फारखतच. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख, असा हा फारसी दफ्तरातून आलेला शब्द. पुढे बोलण्यात त्याची ‘फारकत’ झाली आणि त्यातला हिशेबाचा अर्थ गळून गेला. सावकाराची वही आणि मोडलेला संसार या दोहोंसाठी जुन्या कारकुनांना एकच शब्द पुरला, यात मला त्यांची समजच दिसते.

ज्या जातींत काडीमोडीची चाल होती, तिथे हा हिशेब पंचांसमोर होई. (पांढरपेशांत ती चाल नव्हती, तेव्हा ‘आमच्यात असले काही नव्हते’ हे अभिमानाने सांगण्यापूर्वी आपल्या घराण्यांनी टाकलेल्या स्त्रियांची आठवण ठेवावी.) स्त्रीने पुन्हा पाट लावला, तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्याने भरून द्यायचा, असा रिवाज पुष्कळ जातींत होता. आज हे स्त्रीचे मोल केल्यासारखे वाटते, आणि तसे ते होतेही. परंतु कोणी कोणाचे किती देणे लागतो, हे त्याच बैठकीत ठरे. १८७६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने, विवाह मोडून स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार अमान्य केला. पंचांची सत्ता गेली हे बरेच झाले. मात्र त्यांच्या जागी हिशेब करणारे कोणी आले नाही.

रखमाबाईंचा खटला आपण बालविवाहाच्या संदर्भात वाचतो. तोच पैशाच्या बाजूने वाचला तर निराळा दिसतो. त्यांच्या आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली होती. आपल्या पतीचा डोळा या मालमत्तेवर आहे, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा निर्णय दिला. चार वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे म्हणजे चार वर्षे वकिलांची देणी. रखमाबाईंच्या पाठीशी समिती उभी राहिली, म्हणून त्या तरल्या. तसे पाठबळ नसलेल्या स्त्रीचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. हिंदू कायद्यात तेव्हा घटस्फोट नव्हताच, त्यामुळे दोन हजारांची ती तडजोड हीच रखमाबाईंची फारखत. पुढे इंग्लंडला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे स्वतःच्या कमाईवर जगल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या, तेव्हा हिंदू विवाह कायदा लागू होऊन चार महिने झाले होते.

त्यापूर्वी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. पोटगीची गोष्ट मात्र लाजिरवाणी आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती दरमहा पन्नास रुपये. १९२३ मध्ये ती शंभर झाली, १९५५ मध्ये पाचशे. मग १९७३ च्या नव्या संहितेने घटस्फोटितेलाही हा हक्क दिला, पण आकडा तोच ठेवला. तो थेट २००१ मध्ये निघाला. या शेचाळीस वर्षांत महागाई भत्ता किती वेळा वाढला, हे आम्हा निवृत्त सरकारी नोकरांना कोणी सांगायला नको.

आणि कर्जाचे काय? १९५५ च्या कायद्यात पोटगी आहे, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंची वाटणी आहे; संसारात झालेल्या कर्जाची वाटणी नाही. हा विषय आपल्या गोव्यात मात्र फार पूर्वी कागदावर आला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली, १९१० चा घटस्फोटाचा कायदा मागाहून आला आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ही व्यवस्था चालू राहिली. वेगळा करार केलेला नसेल, तर विवाहाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा ठरतो. दोघांनी मिळून काढलेले कर्ज या सामाईक मालमत्तेतून फिटते. पत्नीच्या संमतीवाचून पतीने काढलेले कर्ज, सर्वसाधारण नियम असा, की पतीच्या अर्ध्यावर पडते. मात्र ते दोघांच्या हितासाठी खर्च झाले असेल, तर गोष्ट वेगळी. घटस्फोटानंतर ‘इन्व्हेंटरी’ होते, तीत येणे एका बाजूस आणि देणे दुसऱ्या बाजूस मांडून मगच वाटणी. ही प्रक्रिया आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालते.

या व्यवस्थेचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. कागदावरचा अर्धा हिस्सा हातात यायला मात्र वर्षे लागतात. वडिलोपार्जित घर वाटता येत नाही, तेव्हा पक्षकारांतच बोली लागते आणि ज्याच्यापाशी रोकड तो घर घेतो. ती बहुधा पतीपाशी असते. शिवाय या सर्व नियमांच्या बाहेर उभी असते ती बँक. घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर न्यायालयाने ते देणे एकाच्या पदरात घातले तरी बँक दुसऱ्याला सोडत नाही. हप्ता चुकला की नोटीस दोघांनाही. घर पतीकडे गेले आणि कर्जदार म्हणून पत्नीचे नाव राहिले, अशी प्रकरणे माझ्या पाहण्यात आहेत. सहकर्जदारास मोकळे केल्याचे पत्र बँकेकडून लेखी घ्यावे लागते आणि उरलेल्या कर्जदाराची मिळकत पुरेशी वाटल्याखेरीज बँक ते देत नाही. म्हणून त्याची मागणी समझोत्याचा मसुदा होतानाच करायची असते. हुकूमनामा हाती पडल्यावर त्या मागणीला जोर उरत नाही.

गोव्यात वधूवर विवाह निबंधकासमोर दोनदा सह्या करतात. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल, तर त्याचा करार विवाह पक्का होण्यापूर्वी नोटरीपुढे व्हावा लागतो, मागून होत नाही. आपल्या घरांतून त्या दिवसांत हॉल, पुरोहित आणि जेवणाच्या पंगती यांची चर्चा होते. या कराराचा विषय काढणाऱ्या मामाकडे सगळे अपशकुन झाल्यासारखे पाहतात.